खांबाखाली कोण उभं होतं

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीसमोर विजेच्या खांबावर एक माणूस मेला. त्याला वर चढायला सांगणारा इंजिनियर तेव्हा खाली, आमच्याच घरच्या कपातून चहा पीत उभा होता. मी हे पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून पाहिलं. माझे वडील तर त्याच्या शेजारीच होते. चहा तेच घेऊन गेले होते.

पुढे कागदोपत्री मात्र हेच सिद्ध होत गेलं, की तिथे कुणी इंजिनियर नव्हताच.

पुण्यात तेव्हा आयटीचं वारं भरलं होतं. मीही हिंजवडीला एका कंपनीत टेस्टिंगचं काम करायचे. शिफ्ट दुपारची, त्यामुळे सकाळी घरी असायचे. आजूबाजूचे बंगले पाडून इमारती उठत होत्या, घराघरांत एसी आले होते आणि आमचा जुना ट्रान्सफॉर्मर त्या भाराने सारखा मान टाकायचा. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. नव्या ट्रान्सफॉर्मरसाठी ते वीज कंपनीच्या कार्यालयात खेटे घालून थकले होते. कंपनी सरकारचीच. मंडळाची पाटी जाऊन कंपनीची पाटी आली होती, आणि खांबावर चढणारी बरीचशी माणसं आता कंत्राटदाराची झाली होती.

मेला तो असाच एक कंत्राटी वायरमन. यवतमाळकडचा, तिशीच्या आतला, बोलका. यापूर्वीही दोनतीनदा आमच्याकडे येऊन गेला होता. आई भर उन्हात पाणी द्यायला गेली की म्हणायचा, आमच्याकडच्या उन्हाळ्यापुढं तुमचा उन्हाळा म्हणजे थंडीच. आईला त्याचं फार कौतुक होतं.

त्या सकाळी वीज गेली आणि तो, त्याचा जोडीदार आणि इंजिनियर असे तिघे आले. त्या खांबावरून दोन लाइनी जात, एक आमची आणि दुसरी पलीकडच्या नव्या आयटी इमारतीची. खांबाला पाय लावण्यापूर्वी त्याने विचारलं, "साहेब, दोन्ही बंद केल्या ना?"

"बंद आहे सप्लाय. चढ लवकर, लोक खोळंबलेत," इंजिनियर म्हणाला. हातात कप होता. मी हे शब्द ऐकले.

आमची लाइन बंद होती, दुसरी चालू होती. ती बंद करायची तर वरून परवानगी घ्यावी लागे, आणि बडा ग्राहक तक्रार करतो म्हणून वरचे लोक ती सहजासहजी देत नसत. जोडीदाराकडून हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एक फटका ऐकू आला आणि तो कमरेच्या पट्ट्याला लटकलेला दिसला. इंजिनियरने कप कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. फोनवर काहीतरी बोलला, मोटरसायकलला किक मारली आणि अँब्युलन्स यायच्या आधी निघून गेला. बाबांनी तो कप घरात आणला आणि स्वतः विसळला. त्यांना कप विसळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आठवड्याभरात कंपनीचा चौकशी अधिकारी आमच्या घरी आला. बाबांना त्याने विचारलं की घटनास्थळी कंपनीचं कुणी होतं का. बाबा म्हणाले, "मी आतबाहेर करत होतो. माझं लक्ष नव्हतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी मध्येच म्हणाले की इंजिनियर होता, आणि काय बोलला तेही सांगितलं. अधिकाऱ्याने पेनाला टोपण लावलं.

"मॅडम, आपण वरून पाहिलंत. वरून माणसं सारखीच दिसतात."

तो गेल्यावर आमचं भांडण झालं. बाबांचं म्हणणं असं, की गेलेला माणूस काही परत येत नाही, आणि ट्रान्सफॉर्मरची फाइल त्याच इंजिनियरच्या टेबलावर आहे. सोसायटीत म्हातारी माणसं आहेत, लिफ्टमध्ये अडकतात, त्यांचं कोण बघणार? सगळं इतक्या शांतपणे सांगत होते, जणू दुधाचा हिशेब समजावतायत. माझ्या बापाने आयुष्यात एक पैसा खाल्ला नाही. बँकेत असताना कर्जदाराने पाठवलेला दिवाळीचा मिठाईचा खोका त्यांनी दारातून परत केलेला मी पाहिलाय. म्हणूनच माझ्या अंगाची लाही झाली. पैसे खाणाऱ्याला निदान आपण खाल्लं हे ठाऊक असतं. यांना मात्र आपण लोकांचं भलं करतोय असंच वाटत होतं.

मग त्या वायरमनची बायको आली, भावाला घेऊन. तिला जोडीदाराने सगळं सांगितलं होतं. पण कंत्राटदाराने काम काढून घेण्याची धमकी दिल्यावर तो कोर्टात बोलायला तयार नव्हता. उरलो आम्ही. ती कोचाच्या कडेवर टेकून बसली आणि तिने बाबांना सरळ विचारलं, साहेब होता का. बाबांनी तेच उत्तर दिलं, लक्ष नव्हतं.

"मंग चहा कोनाले देल्ला, काकाजी?"

बाबा उठून आतल्या खोलीत गेले. आई पदराने डोळे पुसत राहिली. मी त्या वायरमनच्या बायकोला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि जिन्यात सांगितलं की कोर्टात मी येईन.

भरपाईचा दावा उभा राहिला. कंपनीने जबाबात लिहिलं, आमचा कुणी अधिकारी तिथे नव्हता, मृत इसम आपणहून चढला. कंत्राटदाराने लिहिलं, तो आमच्या पटावरच नव्हता. म्हणजे तो कुणाचाच नव्हता. यवतमाळहून येऊन स्वतःच्या हौसेने पुण्यातले खांब चढत होता. सोबत बाबांचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं होतं.

माझी साक्ष झाली तेव्हा कंपनीचा वकील फार सभ्यपणे बोलला. आपलं शिक्षण काय, नोकरी कुठे, सगळं विचारलं. मग म्हणाला, "आपले वडील खांबापासून हाताच्या अंतरावर होते. ते म्हणतात, इंजिनियर पाहिला नाही. आपण वरून पाहिला म्हणता. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?"

"वडील," मी म्हणाले.

टाइपिस्टला ऐकू गेलं नाही. न्यायाधीशांनी मला पुन्हा, मोठ्याने बोलायला सांगितलं.

"माझे वडील खोटं बोलताहेत."

संध्याकाळपर्यंत ते घरी पोहोचलं होतं. बाबांनी जेवताना फक्त एवढंच विचारलं, की लेकीने बापाला भर कोर्टात उभं करायला त्यांनी माझं काय वाईट केलं होतं. मी म्हटलं, माझं काही नाही केलंत. 

एकाच घरातले दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलतात, म्हणून इंजिनियरची उपस्थिती शाबीत होत नाही, असा निकाल लागला. कंपनी सुटली. भरपाई कंत्राटदाराने द्यायची. त्याने अपील केलं आणि धंदा बायकोच्या नावावर केला. कंपनीने पुढचं कंत्राट त्या नव्या नावाला दिलं. वायरमनची बायको मुलींच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटू लागली. काही वर्षांनी तिला थोडंफार मिळालं, तेही तिच्या भावाने चपला झिजवल्या म्हणून.

आमचा ट्रान्सफॉर्मर मात्र निकालाचीही वाट न बघता आला. नारळ बाबांनी फोडला. पुढे कितीतरी वर्षं ते बिनविरोध सेक्रेटरी निवडून येत राहिले. मी वाघोलीला भाड्याने फ्लॅट घेतला आणि घर सोडलं.

वाघोलीतच, बऱ्याच वर्षांनी, वीज कंपनीचा ग्राहक मेळावा होता. लोक वाढीव बिलांच्या तक्रारी घेऊन आले होते, मीही त्यातलीच एक. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत तोच इंजिनियर बसला होता. केस पिकले होते, हुद्दा वाढला होता. निवेदक त्याला कर्तव्यदक्ष म्हणाला.

माझी पाळी आल्यावर मी बिल पर्समध्येच ठेवलं. माइकवर त्याला सरळ विचारलं, कर्वेनगरला खांबावर माणूस चढवताना सप्लाय बंद आहे असं तुम्ही म्हणाला होतात की नाही. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. ओळखलं, याबद्दल मला शंका नाही.

"मॅडम, आजचा विषय बिलांचा आहे," तो म्हणाला.

मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. माइक बंद झाला. मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, बसा खाली. आमची कामं राहिलीयेत."

त्यांच्याकडे वळून मी म्हणाले की तुमचं बिल दुरुस्त होईल, काळजी करू नका, एवढं ते नक्की करतात. मग व्यासपीठाकडे तोंड करून माइकशिवाय तिसऱ्यांदा विचारलं. एक शिपाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ताई, चला बाहेर. व्यासपीठावरून पुढच्या ग्राहकाचा नंबर पुकारला गेला.