दोरीबाहेरचा गोलंदाज

विमान खाली येऊ लागलं तेव्हा आधी नुसती वाळू दिसली, मग एकदम इमारतींच्या रांगा. माझा हा पहिलाच विमानप्रवास. शारजातल्या मराठी मंडळींसमोर मला गणपत या एकोणिसाव्या शतकातल्या डावखुऱ्या गोलंदाजाबद्दल बोलायचं होतं. त्याच्यावर मी एम.ए.चा प्रबंध लिहितोय. तिकीट काढलं होतं शारजातच राहणाऱ्या विनायककाकांनी; ते नात्यातले नव्हेत, प्रबंधामुळे फोनवर ओळख झालेले. गणपत हे त्यांचे पणजोबा.

निघण्याच्या आठवडाभर आधी मला एका इंग्रज अधिकाऱ्याची जुनी वही वाचायला मिळाली. तिच्यात गणपत होता, पण खेळाडू म्हणून नव्हे. तो पुण्याच्या लष्करी मैदानावरचा माळी होता. सकाळी रोलर ओढायचा, संध्याकाळी साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. सामन्याच्या दिवशी मात्र त्याची जागा दोरीबाहेर. हे काकांना फोनवर सांगायचं मला धाडस झालं नाही.

काकूंनी पहिल्याच संध्याकाळी गरम खुबूस (अरबी रोटी) आणि भरली वांगी वाढली. शेजारीच कार्यक्रमाची पत्रिका होती : ‘साहेबांना सामन्यात हरवणारा गणपत’.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला आणि त्यांच्या मुलीला, सईला, खोर फक्कान या किनाऱ्यावरच्या गावाला नेलं. उघडेबोडके तपकिरी डोंगर, लांबच लांब बोगदे आणि मग अचानक निळा समुद्र. चहाच्या दुकानासमोर काकांनी हॉर्न वाजवला. मी आपला पटकन उतरून काउंटरशी जाऊन उभा राहिलो.

“भैया, गाडी में बैठो, लाता हूँ!” दुकानदार हसला.

“ही इज सो क्यूट,” सई म्हणाली. माझे कान तापले.

करक (वेलची घातलेला दाट चहा) हातात आल्यावर मी सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे एकही सामना नाही?” काकांनी विचारलं.

“नाही, काका. पण वहीत लिहिलंय, ‘माळ्याने आज मला चार वेळा त्रिफळाचीत केलं.’”

“मग ही वॉज देअर कोच, बाबा!”

“गप्प बस, सई.” मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “साठ माणसं बोलावलीत रे मी.”



दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात काका स्वतःच आधी माइकपाशी गेले. “पत्रिकेत चूक झालीय,” ते म्हणाले. “माझे पणजोबा सामने खेळले नाहीत. ते माळी होते. साहेब त्यांच्या चेंडूवर सराव करायचे. पुढचं हा सांगेल. यल्ला, चल, ये रे.”

मी तासभर बोललो. लोकांनी खूप प्रश्न विचारले. बऱ्याच प्रश्नांना ‘माहीत नाही’ एवढंच उत्तर होतं, तेही त्यांनी मन लावून ऐकलं.

विमानतळावर काकांनी विचारलं, “तुझे वडील काय करतात? विचारायचंच राहिलं.”

मी नेहमी ‘नोकरी’ म्हणून विषय बदलतो. त्या दिवशी म्हणालो, “आमच्याच कॉलेजात शिपाई आहेत.”

“मग त्यांना माझा नमस्कार सांग,” काका म्हणाले आणि खजुराचा डबा माझ्या हातात दिला.

घरी पोहोचल्यावर बाबांना तो नमस्कार जसाच्या तसा सांगितला. या प्रवासाबद्दल मी काकांचा किती ऋणी आहे, हे काकांना अजून नीट सांगता आलेलं नाही. एरवी मी कुणी बघू नये म्हणून फाटकाआधीच्या वळणावरच उतरतो; सोमवारी मात्र मी बाबांच्या सायकलवर मागे बसून कॉलेजच्या मुख्य फाटकातून आत गेलो.