जाळीतलं सोनं

मानेसरच्या कारखान्यात माझं काम म्हणजे सुटे भाग तपासायचे आणि नापास करायचे. त्यामुळे जिथे जाईन तिथे खोट काढायची सवय जडलेली. घरचेही वैतागायचे, पण मला त्याचा अभिमानच होता. गुडगावात तेव्हा दर महिन्याला नवं शोरूम उघडत होतं आणि हप्त्यावर गाडी घ्या म्हणून लोक मागे लागत. मला मात्र ती जुनी, गोल नाकाची गाडी हवी होती. माझ्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात बघितली होती, ती.

फरीदाबादला एका मराठी काकूंकडे तशी एक आहे, असं आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत कळलं. त्यांचे यजमान केंद्र सरकारात होते. ते गेल्यापासून गाडी पोर्चमध्ये उभी होती. आता घर बिल्डरला दिलं होतं, काकू मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या.

"कबाडी भंगाराच्या वजनावर मागतोय," त्या म्हणाल्या. "बिल्कुल देणार नाही. चालवणाऱ्यालाच देईन. नीट बघून घ्या हं, मी सांभाळलीय तिला."

माझी पद्धत ठरलेली होती. एकेक खोट मोठ्यांदा सांगायची, म्हणजे किंमत आपोआप उतरते. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं. सगळीकडे चिकटलं, म्हणजे गंजाची भोकं बुजवायला पुट्टी भरलेली नव्हती. रबरं कडक झाली होती, टायर संपले होते. तेवढं मी खणखणीत आवाजात सांगून टाकलं. मग पुढून इंजिन हाताने फिरवायचं हँडल घातलं. इतकी वर्षं उभी असलेली गाडी, इंजिन जाम असणारच, या खात्रीने जोर लावला तर ते सहज फिरलं.

"फिरणारच!" काकू खूश झाल्या. "दर दसऱ्याला पाइपने धुते, थोडं तेल घालून हँडल फिरवते, हळदकुंकू वाहते, सोनं देते. ह्यांनी शिकवलं होतं."

त्या चहा करायला आत गेल्या आणि मी ड्रायव्हरच्या पायाखालचं रबर उचललं. खाली पत्राच नव्हता. पोर्चची फरशी दिसत होती.

पाणी वरून येत होतं हे उघड होतं. पुढच्या काचेखाली हवा आत घेणारी जाळी असते. ती उघडून हात घातला, तर ओला काळा लगदा लागला. दिल्लीकडे आपटा मिळत नाही, म्हणून आम्ही सगळे कांचनाची पानं वाटतो. चांगली तळहाताएवढी असतात. वरची दोन-तीन अजून ओळखू येत होती. काकू दर वर्षी त्या जाळीतच सोनं खोचत होत्या. पाणी जायची भोकं त्याने बंद झाली होती आणि धुतलेलं पाणी, तिरप्या पावसाचं पाणी, सगळं तिथेच मुरत, खालचा पत्रा गंजवत राहिलं होतं.

काकू ट्रे घेऊन आल्या तेव्हा मी ती पानं घाईघाईने खिशात कोंबली. माझ्या काळ्या बोटांकडे बघून त्यांनी नॅपकिन पुढे केला.

मी आकडा सांगितला. कबाडीपेक्षा बरा होता, पण त्यांच्या मनातल्यापेक्षा फारच कमी. त्यांचा चेहरा उतरला.

"एवढीच? म्हणजे मी नाही ना नीट सांभाळली?"

कारखान्यात नापास भागावर कारण लिहिल्याशिवाय मी सही करत नाही. पण त्या बाईंसमोर माझी जीभ रेटेना. "काकू, खालचा पत्रा गेलाय. उभ्या गाडीचं तसं होतंच," मी म्हणालो. "पण इंजिन वाचलंय ना, ते फक्त तुमच्यामुळे." दुसरं वाक्य तर अगदी खरं होतं. त्यांनी गाडीकडे, त्या उघड्या जाळीकडे बघितलं आणि हो म्हटलं.

रविवारी मी गाडी ओढून न्यायला दोर घेऊन गेलो. काकू देवघरातून गेल्या दसऱ्याचं वाळलेलं पान घेऊन बाहेर आल्या आणि गाडीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी बाजूला झालो. खोचू दे, घरी जाऊन काढता येईल, असा विचार केला.

त्यांनी पान माझ्या हातावर ठेवलं.

"तुझ्याकडेच ठेव रे," त्या म्हणाल्या. "जाळीत नको. पाणी तुंबतं ना तिथे."