आक्कांनी ओवलेला दोरा

कराडच्या दवाखान्यातून थोरल्या दिरांचा फोन आला, तेव्हा मी उंब्रजला घरी आक्कांसाठी मऊ खिचडी डब्यात भरत होते. "मंगल, शालन गेली..." एवढंच ते म्हणाले. मी 'बरं' म्हटलं, डब्याला झाकण लावलं, फडक्यात बांधला, पायात चपला घातल्या आणि दारात आल्यावर मला कळेना, की आता हा डबा कुणाला नेऊन द्यायचा.

आक्का म्हणजे शालन, माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर शिराळ्याचं. मी लग्न होऊन आले तेव्हा सोप्यात त्यांची पायमशीन होती आणि अख्ख्या गल्लीची पोलकी तिच्यावर शिवून होत होती. मला साधं बटण लावता येत नव्हतं. त्यांनीच शिकवलं, आणि पुढं एका मशीनवर दोघींनी संसाराला हातभार लावला. दोन जावा आणि एक मशीन म्हटल्यावर लोक भांडणाची वाट बघायचे. भांडण मी करायचे, पण मशीनशी. माझा स्वभाव आधीच तापट. दोरा तुटला, की मी मशीनच्या डोक्यावर चापट मारायची आणि सरळ दोऱ्याचा ताण धरणारा टेन्शनचा स्क्रू पिळायला घ्यायची. आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर निवडण घेऊन बसलेल्या असायच्या. तिथून म्हणायच्या, "दाल्ल्यावरचा राग मशीनवर काढू नगं. आदी दोरा काढ, परत ओव. मग सुई बघ. मग बॉबिनखालचा कचरा काढ. स्क्रूला हात एकदम शेवटी." दहातल्या नऊ वेळा नुसतं परत ओवूनच काम व्हायचं, आणि मग मला आणखीच राग यायचा.

टीप घालून झाली की मी कापड उंबऱ्याकडे धरायची. त्या आधी उलटी बाजू बघायच्या. "वरनं कुणाचीबी टीप चांगलीच दिसती गं," म्हणायच्या. खालून अंगठ्याचं नख फिरवायचं, अडकलं नाही तर मान हलवायची. त्या मान हलवण्यासाठी मी किती शिवलंय, माझं मला माहीत.

रंग बदलायचा झाला तरी आम्ही दोरा काढत नसू. नवा दोरा जुन्याला गाठ मारून हळूच ओढून घ्यायचा, गाठ सुईपाशी आली की कापायची. त्यामुळं एकदा ओवलेली वाट महिनोन् महिने तशीच राहायची.

आजारपणात एकदा त्या चार दिवस घरी आल्या होत्या. मी मशीन पुसताना दोरा पार निघून आला. "सरक, मी ओवते," म्हणत त्या स्टुलावर येऊन बसल्या. हात थरथरत होते. "आवं आक्का, ऱ्हाऊ द्या, मी ओवते की," मी म्हटलं. "का? मी मेले व्हय?" त्या हसल्या. लय वेळ लागला. मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले, मला बघवेना. झाल्यावर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तसाच. रोहिणीच्या बाळाची दुपटी करायचीत." आणि आत जाऊन पडल्या. त्यानंतर कराडला नेलं ते नेलंच...

रोहिणी त्यांची एकुलती लेक. सांगलीला दिलेली, पहिलं बाळंतपण. आक्का गेल्यावर मशीनला मीही हात लावला नव्हता. गेल्या आठवड्यात ती बाळंतपणाला माहेरी आली आणि मी आक्कांचं चिंतामणी रंगाचं जुनं सुती पातळ काढलं. बाळाला पहिलं पांघरूण आजीच्याच पातळाचं हवं. बसले, तर वीतभर टीप गेली की दोरा तटकन तुटे. सुई बदलली. बॉबिनखालचा कचरा काढला. सुईच्या नाकात पुन्हा पुन्हा ओवलं. शेवटी स्क्रूवर गेले. सैल केला तर खाली दोऱ्याचं जाळं, आवळला की परत तुटणं. दोन दिवस हेच.

रोहिणी शेवटी म्हणाली, "काकू, आई म्हणायची तसं आधी सगळा दोरा काढून बघा की."

"न्हाई काढायचा," मी वसकन ओरडले.

"आवं, पण का?"

"तुझ्या आयनं ओवलाय त्यो."

ती पोटाला हात देत वाकली आणि दोऱ्याची वाट बोटानं बघत वरून खाली आली. दोरा दाबून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांपाशी थांबली. "काकू, हितं एक वेढा जास्त पडलाय..." मग फार हळू म्हणाली, "आईचा हात चुकला व्हय?"

मी बघितलं. खरंच होतं. सगळं तपासलं होतं मी, फक्त आक्कांचं ओवणं तपासलं नव्हतं. ते चुकेल हे माझ्या मनातच आलं नाही. आणि आलं असतं तरी मी ते मोडलं नसतं. त्यांच्या हातचं घरात अजून जागच्या जागी राहिलेलं तेवढंच होतं. मला त्या हव्या होत्या, दुपट्याचं काय व्हायचं ते होवो, असंच झालं होतं माझं.

पण दुपटं त्यांनीच सांगितलेलं. मी कापड दाबणारा पाय वर केला आणि दोरा ओढला. सरसर निघून आला, काहीच जोर लागला नाही. मग ओवला, त्यांनी शिकवल्यासारखा, एकाच वेढ्याचा. स्क्रू मूळ जागी आणला. टीप या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात गेली.

मी दोरा कापला, कापड उलटं केलं आणि सवयीनं उंबऱ्याकडे धरलं.

उंबऱ्यावर कुणी नव्हतं. हात खाली घ्यायचं मात्र बराच वेळ माझ्यानं झालं नाही.