रिकाम्या पलंगाच्या कडेला

जिवंत माणसासाठी अख्ख्या मंडळीला स्तब्ध उभं करण्याचा मान मास्तरांकडे जातो. शाळेतून निवृत्त झाल्यावर चर्चची प्रार्थना-यादी लिहायचं आणि वाचायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. यादीचे कागद दोन: एक आजाऱ्यांचा, दुसरा प्रभूत निद्रिस्त झालेल्यांचा, म्हणजे गेलेल्यांचा. एका शनिवारी चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी अंदाजानंच नावं उतरवली आणि चौदा महिने अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला किल्लीवाला दुसऱ्या कागदावर गेला. रविवारी त्यांनी ते नाव भरल्या गळ्यानं वाचलंही. वाचताना त्यांचं लक्ष नावांकडे कमी आणि स्वतःच्या आवाजाकडे जास्त असे.

मंडळी उभी राहिली. किल्लीवाल्याची बायकोही उभी राहिली. सगळे उठल्यावर एकटीनं बसून कसं चालेल? अर्धं मिनिट गेलं आणि तिसऱ्या बाकावरून तिचाच आवाज आला, "मास्तर, अहो ते घरी आहेत. सकाळी कपभर दूध प्यायलेत."

पाळकांना जो खोकला आला, तो शेवटच्या आशीर्वादापर्यंत थांबला नाही.

दुपारी मास्तर माफी मागायला गेले. पुढे किल्ल्यांचं दुकान, मागे खोली. खोली कसली, एक पलंग आणि पलंगानं सोडलेली जागा. किल्लीवाला अर्ध्या तोंडानं हसला. जीभ जड, तरी चौकशी सुटेना. "रडलं... कोण कोण?"

"कोणी नाही," बायको म्हणाली. "सगळे घड्याळ बघत होते."

बोलता बोलता तिनं एक हात त्याच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि "चला, साहेब" म्हणत त्याला कुशीवर वळवलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हे दर दोन तासांनी. मधल्या वेळात दुकान. लग्न होऊन आली तेव्हा तिला कानस कुठल्या बाजूनं धरायची तेही ठाऊक नव्हतं. नवऱ्याचा हात बघून बघून शिकली, आणि तो हात लुळा पडला तेव्हा दुसऱ्या सकाळी त्याच्या जागी स्टुलावर जाऊन बसली. केसांत पितळेचा कीस घेऊनच ती चर्चला येई.

तीन आठवड्यांनी किल्लीवाला खरोखरच गेला.

मास्तरांच्या जिवाला घोर लागला. आपण नाव वाचलं आणि तिकडे हाक पोचली, असलं काहीबाही मनात येई. त्यात ती चर्चला यायची थांबली. एक रविवार, दोन, सहा. तिसऱ्या बाकाची कड रिकामी. आपल्या एका चुकीनं बाईच्या मनातला देव गेला की काय, या विचारानं त्यांना जेवण जाईना. शेवटी सांत्वनाची सात वचनं कागदावर उतरवून, या वेळी चष्मा लावून, ते दुकानात हजर झाले.

"कपाटाची किल्ली करायचीय, ताई."

"कपाटाला कुलूप आहे का तुमच्या?"

नव्हतं. मास्तरांनी घसा खाकरला, कागद उलगडला आणि पहिलं वचन सुरू केलं. तिनं मशीन सुरू केलं. किर्रर्र. दुसरं वचनही त्यातच गेलं. मशीन थांबलं तेव्हा ती म्हणाली, "सगळे येऊन हेच सांगतात. म्हणे सुटले बिचारे. मला त्यांना सोडायचं नव्हतं, मास्तर."

मास्तरांनी कागदाची घडी घातली.

"अजून अकरा वाजले की हात आपोआप उठतात," ती पितळ पुसत म्हणाली. "समोर गिऱ्हाईक, अर्धी किल्ली मशीनमध्ये, आणि मी उठून आत. पलंगाशी गेल्यावर आठवतं. सुरुवातीला तिथेच उभी राहून शिव्या द्यायचे."

"त्यांना?"

"देवाला. पाळकांना सांगू नका, नाहीतर ते मला तुमच्या यादीत घालतील." ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यावर मोडलं आणि ती पदर तोंडाशी धरून रडली. मास्तर समोर लटकलेल्या किल्ल्यांकडे बघत राहिले.

नाक पुसून ती म्हणाली, "एके दिवशी शिव्या संपल्या. कडेला बसले नुसती. आणि वाटलं, खोलीत आणखी कोणी आहे. भीती नाही वाटली. ते गेलेत हे तसंच होतं, दुखत होतं तसंच दुखत होतं. पण ते बघणारी मी एकटी नव्हते. आता दर दोन तासांनी आत जाते. दहा मिनिटं बसते. तो असतो."

"तो म्हणजे?"

"मास्तर, पस्तीस वर्षं संडे स्कूल घेतलंत ना तुम्ही?"

मास्तर ओशाळले. छातीवरचा धोंडा मात्र सरकला. तेवढ्यात अकरा वाजले. तिनं मशीन बंद केलं, हात झटकले आणि आत जायला वळली. दारात थबकून तिनं मानेनंच त्यांना बोलावलं. पलंगावरची चादर ताठ होती, उशी भिंतीला टेकवलेली. ती एका कडेला बसली, मास्तर दुसऱ्या कडेला अंग चोरून. मिनिटभर गेलं असेल. मास्तरांना राहवेना.

"ताई," ते कुजबुजले, "तो तुमच्याशी बोलतो काय?"

"गप्प बसतो तो, मास्तर, तुम्हीही बसा."