धानाच्या मुलखात लुंबिनीचा तांदूळ

राइस मिलच्या मागे कोंडा साचतो ना, तसे आमच्या महिला मंडळाच्या यात्रेचे किस्से साचलेत. गाड्या भरून न्या, ढीग तेवढाच! बाकीच्या बाया ते सांगताना पोट धरून हसतात. मला अजूनही रागच येतो. शिकले मी सातवीपर्यंत, त्यामुळे राग रीतसर मांडता येतो की नाही ठाऊक नाही. पण मांडते.

आमचं गाव मूल शहराच्या पुढे, जंगलाला लागून. मंडळानं बस ठरवली. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि शेवटी नेपाळातली लुंबिनी. म्हणजे विदेश! नाव सासूबाईंचं होतं. पण त्यांचे गुडघे असे की माझ्या हाताला धरल्याशिवाय उठता येत नाही. म्हणून मी सोबत. आणि माझ्या मांडीवर राहुल, तीन वर्षांचा.

त्याला पावसाळ्यात गोवर निघाला होता. तेव्हापासून पोरानं जेवण सोडलं, काडीसारखा वाळला. मी वाटी घेऊन मागे, तो खाटेखाली. मी खाटेखाली, तो कोठीमागे. एक घास तोंडात गेला की अर्धा बाहेर. डॉक्टर म्हणाले, "खाऊ घाला." अहो, तेच तर होत नाही! आणि रस्त्यात जी बाई भेटेल ती विचारणार, "काऊन वो, पोट्ट्याले जेवाले देत नाई काय?" असं वाटायचं की हातातली वाटी तिच्याच डोक्यात घालावी.

बाकीच्यांना विदेशातून नणंदेला, विहिणीला, साहेबाला काय काय आणायचं होतं. मला एकच गोष्ट आणायची होती. राहुल खाईल अशी. बस.

*

बस मूल सोडत नाही तोच शकुंतलाबाई उभ्या राहिल्या. त्या आमच्या मंडळाच्या अध्यक्ष, बोलणं एकदम सभेतलं.

"नीट ऐका! आपल्या धम्मात प्रसाद नसते. तिथून कोणी प्रसाद म्हणून काही आणायचं नाही. ज्याले आणायचा असेल त्यानं इथीच उतरा!"

माझ्या शेजारची कांता हळूच म्हणाली, "अन् गावातले लोक हात पुढं करतीन तं काय हातावर माती ठेवू?"

लुंबिनीच्या बाजारात हीच शकुंतलाबाई मिठाईच्या दुकानातून हटेना. डब्यावर डबे! कांतेनं विचारलंच.

"बाई, हे काय हो? प्रसाद?"

"प्रसाद नाही. ही आठवण आहे!"

"माय वो! येवढी आठवण कोन खाईन?"

*

नेपाळच्या सरहद्दीवरच्या नाक्याचा किस्सा तर सगळ्या गावाला पाठ आहे. सासूबाईंनी घरून वाळलेल्या झिंग्यांचा, म्हणजे सुकटीचा, डबा घेतला होता. विदेशात जेवण कसं मिळेल याचा भरवसा नाही म्हणून. ऊन तापलं तसा बसमध्ये वास सुटला. शकुंतलाबाईंनी नाकाला पदर लावला तो गयेपासून काढलाच नाही. "धार्मिक यात्रा आहे! शोभते काय हे?" दिवसभर तेच. सासूबाईंना काही म्हणायची हिंमत नाही, म्हणून मला. डबा माझा नव्हता, झिंगे माझे नव्हते, बोलणी मात्र माझी!

नाक्यावर शिपाई बसमध्ये चढला. "अम्मा, डिब्बे में क्या है?"

सासूबाईंनी झाकण काढून डबा सरळ त्याच्या नाकाखाली धरला.

शिपाई दोन पायऱ्या मागे गेला. "जाओ, जाओ! गाडी आगे लो!"

परतताना सगळ्या बायांच्या पोतड्या फुगलेल्या. नाका जवळ आला तशा शकुंतलाबाई मागच्या सीटवरून आमच्याकडे आल्या. पदर नाकावर नव्हता. गोड आवाजात सासूबाईंना म्हणाल्या, "आक्का, तो झिंग्याचा डबा जरा माझ्या बॅगवर ठेवता काय?"

*

आता तांदळाचं सांगते.

चार दिवस राहुलच्या पोटात दूध सोडून काही नव्हतं. पुरी दिली, थुंकली. केळं दिलं, फेकलं. लुंबिनीत रस्त्याच्या कडेला एक बाई डाळभात विकायची. तिची स्वतःची तीन-चार पोरं तिथेच जमिनीवर ओळीनं जेवत बसली होती. सासूबाईंना हातपंपावर पाय धुवायचे होते. मी राहुलला त्या पोरांजवळ बसवलं आणि सासूबाईंना धरून नेलं.

परत येऊन पाहते तर काय! माझं पोरगं थाळीत दोन्ही हात घालून भात खातंय. कोपरापर्यंत डाळ वाहतेय, नाकाला शीत चिकटलंय, आणि शेजारच्या पोराच्या थाळीतलाही ओढतंय!

मी धावले. "थांब रे राजा, मी भरवते!"

मी घास केला, त्यानं तोंड घट्ट मिटलं. मला वाटलं, पोट भरलं असेल. पण हे तांदळाचं काम, एवढं मात्र मला पक्कं कळलं. बारीक दाणा, भाताला असा वास की बाजूनं जाणारा थांबेल. मी त्या बाईला हात जोडले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत तिच्याच पोत्यातला थोडा तांदूळ मागितला. राहुलच्या जुन्या झबल्यात त्याची पोटली बांधली.

बसमध्ये चढले आणि झालं सुरू!

"वने, डोकं ठिकानावर हाय काय?" सासूबाई ओरडल्या. "घरी कोठी भरून धान हाय अन् तू इदेशातून तांदूळ आणते?"

ड्रायव्हर सिंदेवाहीचा. तो मागे वळून म्हणाला, "ताई, आता पुढच्या खेपेले ताडोब्याच्या जंगलात लाकडं घेऊन जा!"

सगळी बस हसली. सर्वात जोरात हसली कांता. घरी येईपर्यंत माझं नाव 'तांदूळवाली'. हसा! ज्यांची पोरं भाकरीवर भाकरी चढवतात त्यांना हसायला काय जातं?

*

हसणाऱ्या कांतेचंही ऐका. तिनं एका पहाडी विकणाऱ्याकडून माळ घेतली होती. हस्तिदंतासारखे पिवळट चौकोनी मणी, दोऱ्यात ओवलेले. पांढऱ्या साडीवर ती माळ घालून हिनं वंदना केली, सर्वांच्या मधोमध उभं राहून फोटो काढला. "पहा वो, इदेशी माळ! तुमच्यासारखं खायचं घेतलं नाई मी, जन्मभर राहीन अशी वस्तू घेतली."

परतीच्या वाटेवर ती माझ्या शेजारी घोरत होती. मी खिडकीतून बाहेर बघत होते. चोखल्याचा आवाज आला म्हणून पाहिलं तर राहुलच्या तोंडात माळेचा मणी!

माझा जीव उडाला. घशात अडकला असता तर? मी अशी किंकाळी फोडली की ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. तोंडात बोट घालून मणी काढला. ओला, चिकट, आणि वास... दुधाचा!

ड्रायव्हरनं हातात घेऊन पाहिला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागला. "ताई, हा मणी नोहे! छुर्पी हाय. पहाडातले लोक दूध आटवून, वाळवून करतात अन् दिवसभर चघळतात."

कांता गळ्याला हात लावून बसली. "म्हंजे मी गळ्यात खाऊ बांधून वंदना केली वो?"

"हो," मी म्हटलं. "मी खायचा तांदूळ तरी पोटलीत बांधला. आता हस ना! काऊन थांबली?"

चिडून सांगते, पण त्या वेळी माझ्या मनात दुसरंच होतं. पोरानं आपल्या मनानं काहीतरी तोंडात घातलं होतं! मी कांतेकडून एक मणी मागून घेतला, धुतला, पुसला, तुकडा करून त्याच्यापुढे धरला. "घे राजा, चघळ."

त्यानं तोंड फिरवलं ते मूल शहर येईपर्यंत इकडे केलं नाही.

*

घरी पोचल्यावर सासूबाईंनी आपली खरेदी काढली. चमकदार कागदातल्या गोळ्या, विदेशी. मोठा वाटा गोंडपिपरीच्या नणंदेसाठी बाजूला. एक मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना.

मामाजी सकाळी चघळायला लागले. दुपारी पाहते तर जबडा चालूच. संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा तोंडातून गोळा काढून ताटाच्या काठाला चिकटवला, जेवले, आणि पुन्हा तोंडात टाकला.

"कशी हाय?" सासूबाईंनी कौतुकानं विचारलं.

"सकाळपासून चावून राह्यलो, संपतच नाई! तुमच्या इदेशात लोकायले दुसरं काम नाई काय?"

ते च्युइंगम होतं. पण हे कळायच्या आधी सासूबाईंनी एक गोळी राहुललाही दिली होती! मी त्याच्या हातातून हिसकली. गिळली असती तर आतडीला चिकटली असती. मी बोलले, सासूबाई बोलल्या, शेजार गोळा झाला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "पोट्ट्याच्या तोंडात काही जात नाई म्हून रडते, अन् गेलं तं काढते! तुझं करावं तरी काय?"

मला इतका संताप आला की मी तणतणत उठले. तांदळाची पोटली खुंटीला टांगली. पोराचं पोट जरा ठीक झालं की मऊ भात करायचा, असं ठरवलं.

*

पौर्णिमा आली. शकुंतलाबाईंनी विहारात खीरदान ठेवलं. प्रत्येकीनं यात्रेतून आणलेलं काहीतरी द्यायचं, असा हुकूम. सकाळी मी खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी!

सासूबाईंच्या गोळ्या तर गोंडपिपरीला गेल्या होत्या, मग दानात माझाच तांदूळ! माझ्या पायाची आग मस्तकात गेली. राहुलला उचललं आणि तडक विहारात. अंगणात पंगत बसली होती. मी पोराला पोरांच्या ओळीजवळ उतरवलं, कोणाजवळ ठेवते तेही पाहिलं नाही, आणि शकुंतलाबाईंना गाठलं.

"माझा तांदूळ कुठी हाय?"

"अगं, दानात दिला सासूनं तुझ्या..."

"दान आपल्या घासाचं करावं! हा माझ्या पोराच्या तोंडचा घास हाय. कोनाले विचारून घेतला?"

पंगतीतले लोक वळून पाहायला लागले. ड्रायव्हरही आला होता, सिंदेवाहीहून, खास खिरीसाठी. तो द्रोण उंच करून म्हणाला, "ताई, हसलो ना मी तुले? चुकलं माझं! लुंबिनीच्या तांदळाची बातच अलग. काय वास हाय!"

"आपल्या इकडल्या तांदळाले असा वास नाई," कोणीतरी म्हणालं.

शकुंतलाबाईंनी माझा दंड धरून मला आत ओढलं. कपाट उघडलं. आत माझी पोटली. मी मारलेल्या गाठी तशाच!

"मूठभर तांदळानं सगळ्या वस्तीची खीर होते काय?" त्या कुजबुजल्या. "खीर आपल्या मिलच्याच तांदळाची हाय. पोटली सकाळी दर्शनाले ठेवली होती. आता ओरडू नको, लोक खाऊन राह्यले!"

मी पोटली घेतली आणि बाहेर आले. तोंडापर्यंत आलेलं सगळ्यांसमोर बोलूनच टाकणार होते. तेवढ्यात ओळीत राहुल दिसला.

मांडी घालून बसला होता. हनुवटीपर्यंत खीर. दोन पोरांच्या मध्ये दाटून, खाली मान घालून भुरके मारत होता.

"राहुल! थांब रे, सांडशील, मी भरव..."

माझ्या वाटेत सासूबाई आल्या. कोणाच्या हाताला न धरता उठल्या होत्या. दोन्ही हात पसरून उभ्या.

"वने, तिथीच उभी राय. एक पाऊल पुढं टाकशीन तं पाहून घे!"

मी खांबाजवळ उभी राहिले, पोटली छातीशी धरून. राहुलनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं द्रोण चाटून पुसून साफ केला आणि वाढणाऱ्या कांतेसमोर धरला.

"आनखी!"