सारंगी शोधत उल्हासनगरला

बाबांचा फोन आला आणि शनिवारचा बेत ठरला. "मंजू, प्लेअरची डावी बाजू बंद पडलीय. कार्ट्रिज गेलं असणार. नवं परवडत नाही, जुनं बघायला उल्हासनगरला जाऊ." कार्ट्रिज म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या दांडीच्या टोकाला बसवलेला बोटभर तुकडा. सुई त्यालाच असते.

पुण्याहून सहाला निघून खोपोली, कर्जत, नेरळमार्गे बदलापूर गाठायला चहासकट सव्वातीन तास लागले. नेरळनंतर रस्ता अरुंद आहे, घाई करू नका. बाबा इथे सोनिवली भागात एका नव्या इमारतीत एकटेच राहतात. ते खाली फाटकापाशीच उभे होते. बंद पडलेलं कार्ट्रिज गोळ्यांच्या रिकाम्या डबीत होतं आणि शर्टाच्या खिशात भिंग.

अंबरनाथला आधी आमच्या जुन्या क्वार्टर्सवरून गेलो. बाबांनी इथल्या कारखान्यात एकतीस वर्षं यंत्रांची देखभाल केली. क्वार्टर्सच्या जागी आता टॉवर आहे, कुंपणाजवळचं बदामाचं झाड मात्र तसंच. मी तिसरीत असताना बाबांनी प्लेअर आणला होता. रविवारी सकाळी आई भाजी निवडत ऐकत बसायची. तिची एक आवडती रेकॉर्ड होती. त्यात तबला उजव्या बाजूला आणि सारंगी डाव्या. आई सारंगीसाठीच ती लावायला सांगायची. ती जाऊन चार वर्षं झाली. नव्या इमारतीत शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बाबा हेडफोनवर ऐकतात. गेले काही महिने त्यांना तबला ऐकू येत होता, सारंगी नाही.

स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे एक कार्ट्रिज होतं. तीन हजार म्हणाला. बाबांनी भिंग लावून समोरून पाहिलं आणि मला दाखवलं. सुई धरणारी केसाएवढी दांडी एका बाजूला झुकली होती. अशी सुई रेकॉर्ड खरवडते. आभार मानून आम्ही निघालो.

गाडीत बाबांनी भावाचा हिशोब समजावला. वाचकांनी लिहून घ्यावा. जुनी सुई किती झिजलीय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, म्हणून ती फुकट धरायची. नव्या कार्ट्रिजच्या किमतीतून नव्या सुईची किंमत वजा करायची, आणि उरेल त्याचे फार तर अर्धे द्यायचे. तेही दोन्ही बाजू वाजत असतील तरच.

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये गाडी नेऊ नका. आम्ही ती लांब लावून रिक्षा केली. आधी दाल-पकवान खाल्लं, दोघांचे मिळून एकशे वीस. मग हरीशभाईंचं दुकान, अरुंद जिना चढून पहिल्या मजल्यावर. साठीचे सिंधी गृहस्थ, भोवती अँप्लिफायरचे ढीग. त्यांनी एक कार्ट्रिज काढलं आणि अडीच हजार सांगितले. बाबांनी दांडी पाहिली, सरळ होती. आपला हिशोब मांडून अकराशे म्हणाले. हरीशभाई हसले. "साईं, आधी ऐकून तर बघा. फिर भाव करू."

त्यांनी कार्ट्रिज बसवून हेडफोन दिला. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "याचीपण डावी बाजू बंद आहे."

हरीशभाईंनी मला ऐकायला दिलं. मला दोन्हीकडून नीट ऐकू येत होतं. मी हरीशभाईंकडे पाहिलं.

बाबांनी हेडफोन परत घेतला. कारखान्यात दोष सापडेना की ते जोडण्या अदलाबदल करून बघायचे, दोष सरकतो का ते पाहायला. त्यांनी हेडफोन उलटा घातला. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. बराच वेळ ऐकलं. मग काढला, वायरची नीट गुंडाळी केली आणि काउंटरवर ठेवला.

"दोष कार्ट्रिजमध्ये नाही," ते म्हणाले. "माझ्या कानात आहे."

हरीशभाईंनी डबीतलं आमचं कार्ट्रिज मीटर लावून तपासलं. दोन्ही बाजू ठणठणीत. तपासायचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. उलट अँप्लिफायरवरचं एक बटण दाखवलं. ते दाबलं की दोन्ही बाजू एकत्र होऊन दोन्हीकडून सगळंच वाजतं. जिन्यात बाबा म्हणाले, "भाव मात्र अकराशेच बरोबर होता."

परतताना माझ्या लक्षात आलं. गाडी चालवताना मी नेहमी त्यांच्या उजवीकडे असते. फोनही ते उजव्याच कानाला लावतात. म्हणून मला काही जाणवलंच नव्हतं. कानाच्या डॉक्टरांकडे जायला ते सहज तयार झाले, याचंच मला वाईट वाटलं. हट्ट केला असता तर बरं वाटलं असतं.

सोनिवलीला पोचल्यावर त्यांनी कार्ट्रिज बसवलं, रेकॉर्ड लावली, आपल्या अँप्लिफायरवरचं तसंच बटण दाबलं आणि हेडफोन घातला. सारंगी कानी पडली तसे ते खिडकीकडे तोंड करून बसले. मी चहा ठेवायला आत गेले आणि गाणं संपेपर्यंत बाहेर आले नाही.

आता पुण्यात हे लिहितेय. सोमवारी बाबांच्या कानांची तपासणी झाली, श्रवणयंत्र बसवायचं ठरलंय. खर्च सोडा, त्या प्रवासातलं एकच मनात राहिलंय. काल मी ते गाणं इअरफोनवर लावलं आणि डाव्या कानातला काढून ठेवला. नुसता तबला ऐकू आला. इतके महिने बाबा ती रेकॉर्ड अशी ऐकत होते, आणि तरीही रोज लावत होते.