फातूच्या आईचं खाचर आणि रॅलेचा रस्ता

ऑफिसमधली माझी मैत्रीण फातू मूळची पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाची. तिची आई गेली आणि गावाकडचं भातखाचर अधांतरी राहिलं. तिथे अशी खाचरं आईकडून लेकीकडे येतात. कागद नसतो, घराण्यातल्या वडीलधाऱ्याचा शब्द गावप्रमुख मानतो. आता चुलतभाऊ हक्क सांगत होता. खाचर कसणारी धाकटी बहीण आवा लावणीआधीच हुसकावली गेली असती. वडीलधारे काका राहतात नॉर्थ कॅरोलायनात, रॅलेला. असलं मागणं फोनवर करत नाहीत, समोर बसून, मानाचा कोला ठेवूनच करायचं. म्हटलं, चल, मी ड्राइव्ह करते.

शनिवारी पहाटे अटलांटाजवळचं आमचं अल्फारेटा सोडलं. आय-८५ने साडेसहा तास धरा आणि शार्लटच्या आधीच गॅस भरून घ्या. कोला, म्हणजे सुपारीसारखं कडू बी, अटलांटातल्या आफ्रिकन दुकानात वीस डॉलरला मूठभर मिळालं. तिखटमिठाच्या पुऱ्या माझ्या. निघताना नवरा म्हणाला, "नुसतं तोंडी नको यार, साइन करून घे." खाचर आवाचं, असा फॉर्म मी आधीच टाइप केला होता. आमच्या आजोबांची जमीन तोंडी व्यवहारातच गेली, त्यामुळे मी ताकही फुंकून पिते.

रॅलेला पोचल्यावर काकूंनी मासे घातलेला भात वाढला, काय चव होती! जेवणं झाली. फातू कोलाची पुडी काढणार, तेवढ्यात मी फॉर्म आणि पेन पुढे सरकवलं. फातूचा चेहरा उतरला.

"मी अजून काही बोललोही नाही पोरी," काका मला म्हणाले, "आणि माझ्या शब्दावर भरवसा नाही?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली, आजोबांचं सगळं सांगून टाकलं. काका ऐकत राहिले. मग त्यांनी फातूकडून कोला घेतला, फोडला आणि एक तुकडा मला दिला. कडूजहर. गावप्रमुखाला फोन लावून त्यांनी ताडापासून ओढ्यापर्यंतची हद्द घडाघडा सांगितली. फातू मला इंग्लिशमध्ये सांगता सांगता रडायला लागली.

"म्हणतायत, खाचर आवाचंच."

मी फॉर्म गुपचूप पर्समध्ये घालत होते, तर काकांनी हात पुढे केला. "दे इकडे. मी गेल्यावर हे कोण सांगणार?"

रात्री काकूंनी हॉटेलात जाऊ दिलं नाही. रविवारी दुपारी घरी पोचलो, पाठ मोडली होती पण मन हलकं होतं. तो सही केलेला कागद अजून कोणी मागितलेला नाही. पंधरा दिवसांनी आवाचा व्हिडिओ आला. गुडघाभर चिखलात बायका रोपं लावतायत आणि मधोमध ती. फातूने तो मला चार वेळा दाखवला. पाचव्यांदा मीच मागून घेतला.